घुमट सगळ्यात शेवटी काढा: राष्ट्रीय दालनाच्या आराखड्यातल्या चुका

ग्वाल्हेरच्या मेळ्यात मी बरीच वर्षं दालनं उभारतोय, म्हणून आर्किटेक्चरची मुलं परीक्षेच्या तोंडावर शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी येतात. विषय बहुतेक तोच असतो: वर्ल्ड एक्स्पोमधलं, म्हणजे देशोदेशींची दालनं भरतात त्या जागतिक प्रदर्शनातलं, भारताचं दालन. कागदाची गुंडाळी उलगडली की वर घुमट, खाली जाळी, दारात हत्ती आणि आत भिंतभर एलईडी. मी म्हणतो, "बस, चहा घे. आधी हा घुमट पूस."

हे मी अनुभवानं बोलतो. एका हस्तकला दालनाला आम्ही थर्माकोलचा घुमट केला होता, वरून पीओपी आणि सोनेरी रंग. जानेवारीतलं इथलं धुकं ठाऊक असेलच. चौथ्या दिवशी पोपडे सुटले. पण ते दुखणं दुसऱ्या नंबरचं. लोक घुमटाखाली फोटो काढून पुढे जात होते आणि आत मागावर बसलेल्या विणकराकडे कुणी वळतच नव्हतं.

तेव्हापासून माझी एक कसोटी आहे. आराखड्यावरची सगळी सजावट मनातल्या मनात खरवडून काढा. उरलेला सांगाडा कुठल्या देशाचा, ते सांगता येतं का? दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह या कसोटीला उतरायचं. 1972 साली वास्तुकार राज रेवल यांनी ते उभारलं, रचनेचं गणित अभियंते महेंद्र राज यांचं. असा जाळीदार सांगाडा परदेशात पोलादाचा करतात. आपल्याकडे पोलाद महाग आणि काम करणारे हात भरपूर, म्हणून तो काँक्रीटमध्ये जागेवर ओतला. त्रिकोणांच्या त्या खोल खाचा ऊनही अडवायच्या. ना कुठे मोर, ना कमान, तरी पंचविशीतला भारत आणि त्याची जिद्द त्यात दिसायची. 2017 मध्ये ते पाडलं, हा वेगळा संताप.

घुमटाशी माझं वैर नाही बरं का. 2010 च्या शांघाय एक्स्पोत भारताच्या दालनाला घुमटच होता, आमच्या मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपावरून घेतलेला. पण तो बांबूचा होता, बांबूच भार पेलत होता आणि त्याचा व्यास 35 मीटरच्या आसपास. तिथे घुमट म्हणजे बांधकामच होतं.

जाळीचंही तेच. मुलं एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, पातळ फळी लेझरनं कापून आणतात आणि "सर, ग्वाल्हेरची जाळी" म्हणतात. किल्ल्यावर जाऊन खऱ्या जाळीत बोट घालून बघा, अर्धं बोट दगडातच राहतं. त्या जाडीमुळे तिरपं ऊन आत शिरत नाही आणि वारा येतो. फळीची जाळी जमिनीवर सुंदर नक्षी पाडते, पण तिच्यामागे उभा राहिलेला माणूस भाजून निघतो. एक्स्पो सहा महिने चालतो. ओसाकाचा 2025 मध्ये 13 एप्रिल ते 13 ऑक्टोबर होता, म्हणजे ऐन उन्हाळा आणि पाऊस. माणूस तुमच्या दालनात येतो तो रांगेतून. त्या रांगेवर सावली नसेल, तर आतलं काहीच त्याला गोड लागत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे सगळंच दाखवण्याचा सोस. 28 राज्यं, 8 केंद्रशासित प्रदेश, प्रत्येकाला एकेक कोनाडा. याला आमच्या गावाचाच दाखला आहे. 1883-84 च्या कलकत्ता प्रदर्शनासाठी मेजर कीथ या ब्रिटिश अधिकाऱ्यानं इथल्या पाथरवटांकडून एक दगडी दरवाजा घडवून घेतला. तोच पुढे लंडनला गेला आणि 1886 च्या प्रदर्शनात उभा राहिला. त्यावर इतके नमुने ठासून भरलेत की नजर ठरत नाही. कारागिरांना काम मिळावं म्हणून केलेला नमुनेदार दरवाजा म्हणून ते ठीकच होतं. पण देश काही नमुन्यांच्या पुस्तकात मावत नाही. शांघायलाच ब्रिटननं काय केलं? 60,000 पारदर्शक कांड्या, प्रत्येकीच्या टोकाला खऱ्या बिया आणि उजेड कांडीतूनच आत येणारा. जागेचा मोठा भाग त्यांनी लोकांना टेकायला मोकळा सोडला.

आकांक्षा म्हटलं की मुलं रॉकेट लावतात. ग्वाल्हेरची असतील तर दहा फुटी शून्य, कारण जुन्यात जुन्या कोरीव शून्यांपैकी एक आमच्या गावात आहे. आता किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातलं शून्य बघा. इसवी सन 876 च्या शिलालेखातलं ते बारीकसं वर्तुळ वाकून शोधावं लागतं. आणि लिहिलंय काय? देवळासाठी 187 हात बाय 270 हात अशी फुलबाग आणि रोज 50 हार. म्हणजे आपलं शून्य बागेच्या मोजमापात आणि हारांच्या हिशेबात बसलेलं आहे! गेल्या वर्षी एका मुलीनं हे ऐकून एलईडी काढून टाकला आणि दालनात झेंडूचे वाफे आखले, हाताच्या मापानं. चालणारा माणूस बाग ओलांडतो आणि शेवटी गुडघ्याच्या उंचीवर तो एवढासा आकडा. गुण किती मिळाले ते तिनं सांगितलं नाही, पण मी ते उभारायला तयार आहे.

शेवटचं, पाडकामाचा नकाशा पहिल्याच दिवशी काढा. जर्मनीत हॅनोव्हरच्या एक्स्पोला 2000 मध्ये वास्तुकार पीटर झुमथोर यांनी स्वित्झर्लंडचं दालन लाकडाच्या तुळया नुसत्या रचून केलं, खिळा नाही की डिंक नाही, फक्त पोलादी सळ्यांनी आवळलेलं. प्रदर्शन संपल्यावर सळ्या सोडल्या आणि वाळलेलं लाकूड विकून टाकलं. आमचा सोनेरी घुमट मात्र अजून गोदामात आहे, चार फाकांत. परवा त्यातल्या एकीत मांजरीनं पिल्लं घातली.