खिशातला घडीचा चाकू: दोन महागड्या पर्यायांतून एक कसा निवडावा

रोजच्या वापरासाठी उंची प्रतीचा घडीचा चाकू घ्यायचे ठरले की शोध पुष्कळदा दोन नावांपाशी येऊन थांबतो: स्पायडर्को कंपनीचा ‘पॅरा मिलिटरी २’ आणि बेंचमेडचा ‘बगआउट’. पहिला २०१० सालचा, अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात तयार होणारा. दुसरा २०१७ सालचा, ऑरेगॉनमधला. आयात शुल्कासह किंमत बरीच होते आणि नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात दोन्ही शेजारी ठेवून हाताळायला मिळतील याची खात्री नसते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी बरीचशी तुलना घरीच उरकावी.

प्रथम, गेल्या महिनाभरात आपण खरोखर काय काय कापले ते कागदावर लिहून काढावे. नागपूरकराच्या यादीत साधारणपणे पार्सलची चिकटपट्टी, संत्र्यांच्या पेटीची सुतळी, मार्चअखेरीस कुलरच्या ताट्या बदलताना कापावी लागणारी जाळी आणि पाण्याची नळी, डब्यातली कैरी किंवा मोसंबी एवढेच निघते. जंगलात लाकूड फोडण्याचे काम यादीत नसेल, तर त्यासाठी बनवलेल्या जाड पात्याचे पैसेही मोजू नयेत.

दुसरी गोष्ट कायद्याची. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि हे दोन्ही चाकू त्या मापाच्या पुष्कळ आत बसतात. पॅरा मिलिटरीचे पाते सुमारे ८७ मिलिमीटर, तर बगआउटचे ८२ मिलिमीटर लांब आहे. मात्र एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, मोर्चे किंवा निवडणुकीच्या काळात मनाई आदेश निघतात, त्यांत चाकू बाळगण्यालाही बंदी असू शकते आणि तेथे पात्याची लांबी विचारात घेतली जात नाही. अशा दिवसांत चाकू घरीच ठेवावा. विमानप्रवासात तो हातातल्या बॅगेत चालत नाही, हेही लक्षात असावे.

यानंतर वजनाची परीक्षा घ्यावी, आणि माझ्या मते निम्मा निर्णय येथेच होतो. पॅरा मिलिटरीचे वजन सुमारे ११० ग्रॅम आहे, बगआउटचे सुमारे ५२. दहा रुपयांचे नाणे साधारण पावणेआठ ग्रॅमचे असल्यामुळे सात नाणी चिकटपट्टीने गुंडाळली की बगआउटचा भार होतो, आणि चौदा नाण्यांत पॅरा मिलिटरीचा. (दुकानदार घ्यायला कां-कूं करतात ती नाणी अशी तरी कामी येतात.) सोबत पुठ्ठ्याचे दोन तुकडे मिटलेल्या चाकूच्या लांबीचे कापावेत, एक १२२ आणि दुसरा १०७ मिलिमीटरचा. नाणी त्यांना बांधून प्रत्येक जोड एकेक दिवस खिशात ठेवावी, स्कूटरवर बसावे, जिना चढावा. मे महिन्याच्या उन्हात पातळ सुती पँट घातलेली असताना जड जोड मांडीवर आपटत राहते. जाड जीन्समध्ये तीच फारशी जाणवत नाही. क्लिपही पाहावी: बगआउटची क्लिप चाकूला खिशात पार खाली बसवते, पॅरा मिलिटरीचा मात्र थोडा भाग वर दिसतो, जो कार्यालयात सर्वांनाच रुचेल असे नाही.

पात्याची जाडी ही खरी कापण्याची बाब आहे. बगआउटचे पाते पाठीकडे सुमारे २.३ मिलिमीटर जाड आहे, तर पॅरा मिलिटरीचे साडेतीन मिलिमीटरांहून अधिक. कैरीची फोड काढताना हा फरक लगेच उमगतो: पातळ पाते सरळ खाली उतरते, तर जाड पाते फोडीला पाचरीसारखे रेटते आणि ती चिरण्याऐवजी तडकते. दुहेरी पुठ्ठा कापतानाही असाच अडथळा येतो. उलट, नळीसारख्या टणक वस्तूवर जोर द्यायचा असेल तर पॅरा मिलिटरीची जी-टेन या काचतंतूंच्या कठीण पदार्थाची भरीव मूठ हाताला अधिक आधार देते. बगआउटची हलकी मूठ घट्ट आवळल्यास किंचित दबते, अशी त्याच्याविषयी नेहमीची तक्रार आहे.

लॉकविषयी, म्हणजे उघडलेले पाते जागेवर धरून ठेवणाऱ्या यंत्रणेविषयी, थोडक्यात. दोन्हींत पाते मिटताना बोटे त्याच्या वाटेत येत नाहीत, ही मोठीच सोय आहे. बगआउटचा ॲक्सिस लॉक, म्हणजे दोन स्प्रिंगांवर मागे-पुढे सरकणारी पोलादी दांडी, कोणत्याही हाताने सारखाच चालतो. पॅरा मिलिटरीच्या मुठीच्या पाठीवरील कॉम्प्रेशन लॉक, म्हणजे बोटाने बाजूला सारायची पोलादी पट्टी, प्रामुख्याने उजव्या हातासाठी रचलेला आहे, म्हणून डावखुऱ्यांनी बगआउटकडेच वळावे.

पोलादाच्या नावांवर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण येथे त्याला फारसा अर्थ नाही. बगआउटच्या मूळ आवृत्तीतील एस३०व्ही आणि पॅरा मिलिटरीच्या सध्याच्या आवृत्तीतील एस४५व्हीएन ही एकाच कुळातली पोलादे असून त्यांत क्रोमियम अनुक्रमे १४ आणि १६ टक्के आहे. मोसंबीचा रस लागल्यावर पाते धुऊन कोरडे केले की दोन्ही पुरेशी गंजरोधक आहेत. धार मात्र हिऱ्याच्या किंवा सिरॅमिकच्या दगडावर घरीच लावावी. रस्त्यावरच्या फिरत्या चाकावर ठिणग्या उडवत लावलेल्या धारेने पात्याची कड तापते आणि मऊ पडते.

शहरातच राहणाऱ्याने, माझ्या मते, बगआउट घ्यावा. शेतावर नियमित जाणाऱ्याने किंवा मोठ्या पंजाच्या माणसाने पॅरा मिलिटरी. निवड काहीही असो, दोन्हींच्या नकला बाजारात असल्यामुळे माल हाती येताच तो तपासावा. पाते उघडून टोकाजवळ दोन बोटांनी सपाट बाजूंवर धरावे आणि हलके हलवावे. लॉक खडखडता कामा नये. मिटल्यावर पाते मुठीच्या मधोमध असावे. शेवटी इतवारीतल्या एखाद्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर वजन करून कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावे, आणि पाचसहा ग्रॅमांहून अधिक तफावत निघाली तर बिलासह चाकू विक्रेत्याकडे परत पाठवावा.