वस्तीत बायकांची हक्काची बैठक कशी घ्यायची (आमची सोलापुरी पद्धत)

२५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे बायकांवरच्या हिंसेविरोधातले १६ दिवस आले की मला फोन सुरू होतात, ताई आमच्या भागात पण कायतरी घ्यायचंय, काय करू. बहुतेक ठिकाणी काय होतं ते माहितीच आहे, हॉल, बॅनर, वकील मॅडम तासभर कलमं वाचणार, मग समोसा आणि ग्रुप फोटो. आम्ही विडी घरकुलात, म्हणजे सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वसाहतीत, पहिली बैठक अशीच घेतली होती आणि साफ पडली. "मानवी हक्क" म्हटल्यावर मागून एक अक्का म्हणाल्या, ते ऱ्हाऊ द्या ओ, रेशनचं सांगा. तेव्हापासून पद्धत बदलली.

आधी वेळ. विडीवाल्या बायका सकाळी कारखान्यात विड्या द्यायला जातात, संध्याकाळी पाणी आणि स्वयंपाक, त्यामुळे दुपारी २ ते ४ सोडून दुसरी वेळ धरूच नका. आणि विड्या वळायचं सूप घेऊन या असं आवर्जून सांगायचं, म्हणजे पान, तंबाखू, दोरा मांडीवर आणि कान इकडं, मजुरी बुडत नाही. हात चालू असला की तोंड पण मोकळं सुटतं, हे माझं निरीक्षण. जागा कुणाच्यातरी घरापुढची घ्या, देवळात किंवा नगरसेवकाच्या ऑफिसात नको, तिथं निम्म्या जणी येतच नाहीत.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. आपल्याकडं एका बोळात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी सगळं चालतं आणि "मानवाधिकार" कुणालाच जवळचा वाटत नाही, पण हक्क म्हटलं की बघा, तेलुगूत हक्कु, कन्नडात हक्कु, उर्दूत हक. एवढा एकच शब्द फळ्यावर लिहा.

मग प्रश्न. "तुमच्यावर अन्याय होतो का" असं विचारलं तर सगळ्या नाही म्हणतात, खरंच. त्यापेक्षा विचारा, गेल्या महिन्यात कशासाठी कुणापुढं हात जोडावे लागले? मग थांबत नाहीत. प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न लावायचे: काय झालं, माणूस म्हणून हे कुणाच्याही वाट्याला यावं का, आणि हे थांबवायचं काम कुणाचं होतं. तिसऱ्या प्रश्नावर घाई करू नका, सगळा जीव तिथंच आहे.

आमच्याकडं एकीनं सांगितलं, छाट काढणारा, म्हणजे विड्या तपासून खराब ठरवणारा, चांगल्या विड्या पण बाजूला टाकतो आणि वर घाण बोलतो, बोललं तर काम जाईल. सगळ्या म्हणाल्या गप बसायचं. मग तिसरा प्रश्न. थांबवायचं काम मालकाचं, दहा किंवा जास्त कामगार असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच पाहिजे, त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकावरच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी. इथंच भंवरीदेवींची गोष्ट सांगा. राजस्थानातल्या साथिन, म्हणजे गावात बायकांसाठी काम करणाऱ्या सरकारी कार्यकर्त्या, १९९२ मध्ये बालविवाह अडवला म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९९७ च्या विशाखा निकालात कोर्टानं बायकांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार भारतानं १९९३ मध्ये मान्य केला होता त्याचाच आधार घेतला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा त्याच्यामागून आला. म्हणजे कुठलातरी जागतिक कागद फिरत फिरत आपल्या कारखान्याच्या भिंतीपर्यंत येतो, हे बायकांना लगेच कळतं.

मारहाणीचा विषय निघतोच, आणि कुणीतरी म्हणतंच, ते घरातलं आहे ओ. आधी जगभर असंच मानत होते, मानवी हक्क म्हणजे तुरुंग, पोलीस, सरकार, घराच्या उंबऱ्याआत काही नाही. बायकांच्या चळवळींनी हेच मोडून काढलं, १९९३ ला व्हिएन्नाच्या जागतिक मानवी हक्क परिषदेत बायकांचे हक्क मानवी हक्कांचाच भाग म्हणून लिहून घेतले. साध्या भाषेत सांगायचं तर नवऱ्यानं मारलं आणि ठाण्यात "समजुतीनं घ्या" म्हणून परत पाठवलं, तर चूक नवऱ्याची पण आणि ठाण्याची पण. घरातल्या हिंसेविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानं संरक्षण अधिकाऱ्याकडं जाता येतं आणि त्याच घरात राहायचा हक्क मागता येतो. वकील फुकट मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं. हेल्पलाईन १८१. पण तक्रार करायची का नाही हे तिचं तिनं ठरवायचं, बैठकीनं नाही. वहीत नाव लिहू नका, फोटो तर अजिबात नको.

दारात उभा राहून "हे सगळं फॉरेनचं फॅड" म्हणणारा एक भाऊ असतोच. त्याला हंसा मेहतांचं सांगा. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्याच कलमात आधी "सर्व पुरुष" असा अर्थ निघेल असा शब्द होता, तो बदलून "सर्व माणसं" करायला लावला तो भारताकडून गेलेल्या ह्या बाईंनी.

शेवटी अर्ज, तिथंच लिहायचा. आमचा पहिला मसुदा होता, "आम्ही गरीब महिला असून शौचालयाजवळ दिवा लावून उपकार करावेत ही नम्र विनंती." सगळ्यांनी मिळून तो असा केला: "शौचालयाच्या वाटेवर दोन महिन्यांपासून दिवा नाही. अंधार पडल्यावर मुली जात नाहीत. सुरक्षित फिरणं आमचा हक्क आहे आणि दिवा लावणं आपल्या विभागाचं काम आहे. कोणत्या तारखेपर्यंत लावणार ते लेखी कळवा." वाचून दाखवल्यावर एक म्हातारी म्हणाल्या, आता कसं, उधारी मागितल्यासारखं नाही, उधारी वसूल केल्यासारखं वाटतंय.

अर्ज दोन प्रतीत न्या, आवक-जावकच्या टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख मारून पोच घ्या, साहेब नाहीत म्हटलं तरी. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. उत्तर नाही आलं तर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी जिल्हा पातळीवर महिला लोकशाही दिन असतो, तिथं पोच जोडून जा, चौघीपाचजणी. सोलापुरात आंदोलनं होतात त्या पूनम गेटला धरणं त्याच्यानंतर, आणि तेव्हा पण ही पोच पिशवीत पाहिजे.