बागेतून घरच्या फोनवरचे निरोप ऐकायचे कसे

आमचं घर दापोलीच्या खाली किनाऱ्याला, आंब्याची बाग वर सड्यावर. खोक्यांवर वर्षानुवर्षं घरचा लँडलाइन नंबर छापलेला, त्यामुळे एप्रिलात पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं सकाळपासून त्यावरच फोन करतात, आणि तेव्हा घरात फक्त आई. सड्यावर इंटरनेट मिळालं तर नशीब, पण साधा कॉल लागतो. म्हणून निरोप ऐकायला अ‍ॅप नको, फोन करूनच ऐकता आले पाहिजेत, या हट्टाने सगळं बसवलं.

फायबरच्या मोडेमला फोनचा पोर्ट असतो. तिथून स्प्लिटर लावून एक वायर आईच्या जुन्या फोनला आणि दुसरी एका छोट्या गेटवेला, म्हणजे फोनची लाइन घरच्या नेटवर्कला जोडणाऱ्या डबीला, दिली. गेटवेवर एफएक्सओ लिहिलेल्या भोकातच ती घालायची. एफएक्सएस हे फोन जोडायचं भोक, तिथे लाइन नको. गेटवे कॉल उचलून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅस्टरिस्ककडे देतो; अ‍ॅस्टरिस्क म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर. पायला राउटरमधून कायमचा एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देऊन टाका.

गेटवेने किती रिंगनंतर उचलायचं? आपल्याकडची एक रिंग पुढच्या थांब्यासकट ३ सेकंदांची. आईला पडवीतून माजघरात यायला वीसेक सेकंद लागतात. म्हणून मी ८ ठेवल्या.

आता मुख्य मेख. अ‍ॅस्टरिस्कच्या डायलप्लॅनमध्ये, म्हणजे कॉलचं काय करायचं त्या नियमांच्या फाइलमध्ये, आलेला कॉल व्हॉइसमेलला देणं सगळेच करतात. त्याच कॉन्टेक्स्टमध्ये (नियमांच्या गटात) ‘ए’ नावाचं एक एक्स्टेन्शन लिहून त्यात व्हॉइसमेलमेन ही निरोप ऐकवणारी आज्ञा आणि आपल्या मेलबॉक्सचा नंबर घालायचा असतो, ते मात्र राहून जातं. ते असलं की बाहेरून आपल्याच नंबरवर फोन करायचा, स्वागताचा निरोप सुरू झाला की स्टार दाबायचा आणि पिन द्यायचा. पिन ६ आकडी ठेवा. फोन नंबरचे शेवटचे आकडे नकोत, ते तर खोक्यावरच छापलेत!

स्टार दाबूनही काही होत नसेल तर गेटवेत डीटीएमएफ (बटणांचे सूर पाठवायची पद्धत) आरएफसी २८३३ वर आहे का आणि कोडेक (आवाज पाठवायचा प्रकार) पीसीएमए, म्हणजे आवाज फारसा न दाबणारा, आहे का ते बघा. दाबून लहान केलेल्या आवाजात बटणांचे सूर विरून जातात.

आत गेल्यावर १ दाबला की निरोप सुरू, ५ पुन्हा, ६ पुढचा, ७ पुसा, ९ जपून ठेवा. बोलणारी बाई इंग्रजीत. आईने एकदा ऐकून विचारलं, “ही कोण बोलत्ये रे आपल्या फोनात?” स्वागत तरी मराठीत हवं, म्हणून ०, मग १ दाबून तिच्याच आवाजात भरून घेतलं.

पहिल्या आठवड्यात मात्र वैतागलो. नऊ निरोप, त्यातले सात म्हणजे तीन-तीन मिनिटांचं नुसतं टूं… टूं… टूं. समोरच्याने फोन ठेवला तरी गेटवेला ते कळत नव्हतं, आणि एंगेज टोनच रेकॉर्ड होत होता. शांतता झाल्यावर कॉल तोडण्याची सोय इथे कामाची नाही, कारण टोन म्हणजे शांतता नव्हे. उपाय असा: गेटवेत टोन ऐकून लाइन सोडण्याची सेटिंग चालू करायची आणि एंगेज टोन भारतातला भरायचा. ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. माझ्याकडे दुसऱ्याच देशाचा भरलेला होता. शिवाय निरोपाची कमाल लांबी ९० सेकंद केली. आंब्याची ऑर्डर त्यात आरामात बसते.

निरोप ईमेलवरही येऊ द्या, पण दुसरा आधार म्हणून. जीमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढायचा; मेल पाठवायचा पोर्ट ५८७. साधी वॅव्ह फाइल मिनिटाला जवळपास १ एमबी होते. वॅव्ह४९ ही दाबून लहान केलेली फाइल निवडली तर साधारण दहावा हिस्सा, सड्यावरही कधीमधी उतरते. मेल गेल्यावर मूळ निरोप पुसण्याचा पर्याय बंदच ठेवा.

कोणी राउटरमध्ये ५०६० पोर्ट (इंटरनेटवरच्या फोन कॉलचं दार) उघडायला सांगितलं तर ऐकू नका. दिवसरात्र तो पोर्ट शोधणारे बॉट फिरत असतात, आणि आपल्याला त्याची गरजच नाही. मोडेम, गेटवे आणि पाय तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एक राहिला की बाकीचे दोन फुकट.

हंगाम संपला की ०, मग ४ दाबून तात्पुरतं स्वागत बागेतूनच भरता येतं: “यंदाचा आंबा संपला.” बोलून झालं की हॅश, मग १. पुढच्या वर्षी ०, ४ आणि मग २ दाबून ते आठवणीने पुसा. मी एकदा विसरलो, आणि पहिली पेटी उतरली तरी आठवडाभर गिऱ्हाइकं “संपला” ऐकून फोन ठेवत होती.