आयसीटीपी पारितोषिक: तरुण सहकाऱ्याचं नामांकन कसं तयार कराल?

इटलीत त्रिएस्तला अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभारलं, तेच आयसीटीपी. विकसनशील देशात राहून तिथंच संशोधन करणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या शास्त्रज्ञांसाठी या केंद्राने १९८२ मध्ये एक पारितोषिक सुरू केलं. अशोक सेन (१९८९), स्पेंटा वाडिया (१९९५) आणि शिराझ मिनवाला (२०१०) या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी (टीआयएफआर) जोडलेल्या तिघांना ते मिळालं आहे. इथं स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही. म्हणजे सगळी भिस्त नाव सुचवणाऱ्यावर. विभागातल्या ज्येष्ठांनी मनावर घेतलं नाही, तर चांगला उमेदवार न लढताच बाद होतो.

पहिली गोष्ट, थांबू नका. ‘अजून एक मोठा पेपर येऊ दे, मग बघू’ असं म्हणता म्हणता उमेदवार एकेचाळिशीत जातो. सेन यांचं स्ट्रिंग सिद्धांतातल्या द्वैतावरचं (वरवर वेगळे दिसणारे दोन सिद्धांत मुळात एकच, ही कल्पना) गाजलेलं काम १९९४ चं. पारितोषिक त्याच्या पाच वर्षं आधी मिळालं होतं. (याच केंद्राचं डिरॅक पदक त्यांना २०१४ मध्ये मिळालं.) वय कोणत्या तारखेला मोजायचं, हे त्या वर्षीच्या पत्रकात बघा आणि उमेदवाराच्या पासपोर्टवरची जन्मतारीख समोर ठेवून ताळा करा. अंदाजाने चालू नका.

दुसरी अट राहण्याची आणि काम करण्याची. नागरिकत्व भारताचं पण नोकरी प्रिन्स्टनला, असा उमेदवार बसत नाही. मधली एक-दोन वर्षं परदेशी गेली असतील तर बायोडेटात प्रत्येक नेमणुकीपुढे संस्था, शहर, महिना आणि वर्ष स्पष्ट लिहा. तारखांमध्ये मोकळी जागा दिसली की वाचणारा नेमकी नको ती शंका घेतो. उमेदवाराचा कल शुद्ध गणिताकडे असेल, तर रामानुजन पारितोषिकही पाहा. तेही आयसीटीपीतूनच दिलं जातं आणि तिथं वयाची मर्यादा ४५ आहे.

मुदतीच्या तीन महिने आधी कामाला लागा. पहिले दोन आठवडे फक्त पेपर निवडायला द्या. ऐंशी पेपरांची यादी जोडावी लागेलच, पण तुमचं म्हणणं तीन ते पाच पेपरांवर उभं राहिलं पाहिजे. ते उमेदवाराबरोबर बसून ठरवा. प्रत्येकापुढे दोन ओळी लिहा: आधी काय माहीत नव्हतं आणि या पेपरनंतर काय कळलं. दोन ओळींत बसत नसेल, तर तो पेपर सोडा.

आता सहलेखकांचा प्रश्न. निम्मी नामांकनं इथंच लंगडी पडतात. उच्च ऊर्जा सिद्धांतात, म्हणजे कणभौतिकीच्या सैद्धांतिक शाखेत, लेखकांची नावं आडनावाच्या अकारविल्हे छापतात. घनपदार्थाच्या प्रयोगांत मात्र पहिलं नाव मुख्य काम करणाऱ्याचं असतं. समितीतल्या प्रत्येकाच्या हे लक्षात राहीलच असं नाही. गुरुत्वाकर्षणातून द्रवगतिकी (द्रवांच्या प्रवाहाचे नियम) काढणारा २००८ मध्ये छापून आलेला प्रसिद्ध पेपर घ्या. लेखक भट्टाचार्य, ह्युबेनी, मिनवाला, रंगमणी. मिनवाला यात तिसरे आहेत, ते फक्त रोमन वर्णक्रमाने. पहिलं नाव त्यांच्या तेव्हाच्या विद्यार्थिनीचं आहे. असा पेपर नुसता यादीत टाकला तर परक्या शाखेतला वाचक चुकीचा अर्थ काढेल. म्हणून ‘लेखकांची नावं वर्णक्रमाने’ ही ओळ यादीच्या डोक्यावर लिहा आणि कल्पना कोणाची, गणित कोणी केलं, हे नामांकनाच्या पत्रात सांगा. हजारो लेखकांच्या प्रयोगांत तर हे अत्यावश्यक आहे. तिथं ‘उमेदवार अमुक प्रयोगाचा सदस्य’ याला काही वजन नाही. कण टिपणाऱ्या उपकरणाची (डिटेक्टरची) कोणती यंत्रणा किंवा विश्लेषणाचा कोणता टप्पा त्याने उभा केला, ते लिहा.

पत्राचा जीव पहिल्या परिच्छेदात असतो. ‘उमेदवाराने कृष्णविवरं आणि द्रवगतिकी यांवर मूलभूत काम केलं आहे’ हे वाक्य कोणालाही लागू पडेल. त्याऐवजी असं लिहा: ‘ऋण वैश्विक स्थिरांक असलेल्या आइनस्टाइनच्या समीकरणांत कृष्णविवराचं तापमान आणि वेग जागोजागी सावकाश बदलू दिले, तर तीच समीकरणं सीमेवरच्या द्रवाच्या प्रवाहाची समीकरणं होतात; उमेदवार आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत दुसऱ्या कोटीपर्यंत (सेकंड ऑर्डर) नेली.’ या वाक्यात करणारा आहे, कृती आहे, निष्कर्ष आहे आणि कुठपर्यंत पोचले तेही आहे. विशेषणं खोडा. ‘जागतिक दर्जाचा’ हा शब्द पत्रात एकदाही नको.

दुसऱ्या परिच्छेदात देशात झालेलं काम वेगळं काढा. परदेशातल्या पीएचडीच्या पेपरांवर सगळा डोलारा असेल, तर पारितोषिकाचा हेतूच निसटतो. इथं परतल्यावर स्वतंत्रपणे काय उभं केलं, कोणते विद्यार्थी घडवले, हे तारखांसह सांगा.

उमेदवाराच्या पेपरांचे इतर पेपरांत उल्लेख (सायटेशन) किती झाले ते सांगायचं असेल तर कुठून आणि कोणत्या दिवशी मोजले ते लिहा: कणभौतिकीला इन्स्पायर, खगोलशास्त्राला एडीएस, या पेपरांच्या ऑनलाइन सूची. दोन ठिकाणचे आकडे एकत्र करू नका, कारण तोच उल्लेख दोनदा मोजला जातो. उमेदवाराने स्वतःच्याच पेपरांचे केलेले उल्लेख वगळलेला आकडाही द्या. ज्यांची नावं कधी आद्याक्षरांनी, कधी पूर्ण छापली गेली, त्यांचे पेपर दोन खात्यांत विखुरलेले असतात. मोजण्याआधी ती खाती जोडून घ्या.

शिफारसपत्रं मागितली असतील तर मार्गदर्शकाचं पत्र एकच पुरे. बाकीची, उमेदवारासोबत कधी पेपर न लिहिलेल्या पण त्याचे निष्कर्ष वापरणाऱ्या माणसांकडून घ्या. त्यांना सहा आठवडे द्या, निवडलेले पेपर आणि त्या दोन-दोन ओळी सोबत पाठवा. तुमच्या पत्राचा मसुदा मात्र पाठवू नका; सगळ्या पत्रांत तीच वाक्यं दिसली की समिती ओळखते.

पत्र तयार झालं की दुसऱ्या शाखेतल्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि ‘याने केलं काय?’ एवढंच विचारा. उत्तर चाचपडत आलं तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहा. सगळं एका पीडीएफमध्ये बांधून दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. समीकरणांतली चिन्हं चौकोन होऊन बसतात ती फॉन्ट आत न घातल्यामुळे.

यंदा नाही मिळालं तर फाइल जपून ठेवा. वयात बसत असेल तर पुढच्या वर्षी नवे पेपर आणि ताजे आकडे घालून पुन्हा पाठवा.