प्लास्टिक सर्जरीनंतर घरी काय सांभाळायचं

नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर पहिला आठवडा स्प्लिंट (नाकाला आधार देणारी कडक पट्टी) असतो, डोकं उंच ठेवून झोपायचं, नाक अजिबात शिंकरायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. नाकाच्या शेंड्याची सूज जायला वर्षसुद्धा लागतं, त्यामुळे रोज आरशात बघून जीव टांगणीला लावू नका प्लीज.

लायपोसक्शनला (चरबी शोषून काढायचं ऑपरेशन) प्रेशर गारमेंट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा कपडा, घालायचा, डॉक्टर सांगतील तितके आठवडे.

टमी टक (पोटाची जादा कातडी आणि चरबी काढून पोट घट्ट करायचं ऑपरेशन) सगळ्यात जड जातं, सुरुवातीला कमरेत वाकूनच चालावं लागतं पण चालायचंच, नुसतं पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरी एकाच बाजूला सुजून दुखली किंवा धाप लागली तर लगेच हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. सिगरेट पूर्ण बंद, जखम नीट भरत नाही त्याने.