नागसेनाची अट : ख्रिस्ती विश्वासावर वाद कसा घालावा

छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालयाला एका ग्रीक राजाचे नाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये ते सुरू केले आणि भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव त्याला दिले. त्या दोघांच्या संवादाच्या प्रारंभीच नागसेन एक अट घालतो. पंडित करतात तशी चर्चा करणार असाल तर मी तयार आहे, राजे करतात तशी करणार असाल तर नाही, असे तो सांगतो. पंडितांच्या चर्चेत गुंता होतो आणि तो सोडवलाही जातो, एकाचे म्हणणे खोडले जाते आणि तो ते कबूल करतो, तरीही कोणी रागावत नाही. राजा मात्र एक मत मांडतो आणि जो ते मानत नाही त्याला दंड फर्मावतो.

मी जन्माने जालन्याचा, नोकरीने लातूरचा, चर्चच्या मंडळीत वाढलेला आणि आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेला ख्रिस्ती माणूस आहे. माझ्या विश्वासाची सर्वांत कसून चिकित्सा करणारे गणिताचे सर माझे जुने सहकारी आहेत आणि विवेकवादी चळवळीत मनापासून काम करतात. आमचा वाद तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तो कसा टिकला आणि मध्ये एकदा तो कसा तुटला, यांतून जे शिकलो ते विश्वासी आणि चिकित्सक अशा दोघांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

वादाला बसण्यापूर्वी नागसेनाची अट उघडपणे बोलून घ्यावी. आपल्याकडे ही गोष्ट गृहीत धरली जाते आणि तेथेच घोटाळा होतो. ‘सर, आज तुम्हाला समजून घ्यायचे आहे की मला पटवायचे आहे?’ एवढा एक प्रश्न प्रथम विचारला तरी निम्मा राग उठण्याआधीच बसतो. दोन्हीपैकी कोणतेही उत्तर चालेल, कारण पटवण्याची इच्छा असणे हा काही अपराध नव्हे. परंतु ती इच्छा लपवून ठेवणे हा मात्र समोरच्याचा विश्वासघात आहे. हीच गोष्ट चिकित्सकालाही लागू आहे, कारण देव सोडायला लावण्यासाठी आलेल्या माणसाने ‘मी सहज विचारतो आहे’ असे म्हणू नये.

जागा आणि माणसे यांचाही विचार करावा. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात अनेक महिने जाहीर वादविवाद झाले व ते ऐकायला लोकांची गर्दी होत असे. ते वाद अभ्यासण्यासारखे आहेत, पण अनुकरण करण्यासारखे आहेत असे मला वाटत नाही, कारण भोवती गर्दी जमली की दोन्ही बाजूंचे पंडित राजे होतात आणि चूक कबूल करणे म्हणजे पराभव ठरतो. वाद दोघांनी किंवा फार तर चौघांनी ओसरीवर बसून घालावा. दुखवट्याच्या घरी, लग्नात, नाताळच्या पंगतीत किंवा प्रार्थनासभा संपवून लोक बाहेर पडत असताना तो काढू नये.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ख्रिस्ती माणूस आपल्या विश्वासाविषयी बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात दावा आणि साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंफलेल्या असतात, आणि बहुतेक भांडणे त्या वेगळ्या न केल्यामुळे होतात. येशू नावाच्या माणसाला रोमन सुभेदार पंतियस पिलाताच्या अमलात मृत्युदंड झाला, हा इतिहासाचा दावा आहे आणि इ.स. 116 च्या सुमारास लिहिणाऱ्या टॅसिटस या रोमन इतिहासकाराकडेही त्याचा उल्लेख मिळतो. येशू तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला, हाही दावाच आहे. आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल स्वतःच करिंथच्या मंडळीला लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आहे आणि तुमचा विश्वासही व्यर्थ आहे. म्हणून हा दावा चिकित्सेला खुला नाही, असे म्हणण्याचा अधिकार विश्वासी माणसाला त्याच्याच पवित्र शास्त्राने, म्हणजे बायबलने, ठेवलेला नाही. याउलट, ‘त्या रात्री प्रार्थना केली आणि मी दारू सोडली’ ही साक्ष आहे. ती सांगणाऱ्याच्या आयुष्यातील घटना आहे. ती खोडता येत नाही आणि तिच्यावरून दुसऱ्याला काही सिद्धही करून देता येत नाही.

चिकित्सकाने साक्ष ऐकताना ‘हा भ्रम आहे’ असे म्हणण्याऐवजी त्या रात्री नेमके काय झाले, दारू सुटली ती लगेच की हळूहळू, मंडळीतील कोण सोबत उभे राहिले, असे प्रश्न विचारावेत. त्यातून दोघांनाही काहीतरी नवे कळते. विश्वासी माणसानेही आपली साक्ष संपताच ‘म्हणून तुम्हीही मानलेच पाहिजे’ असा धागा ओढू नये, कारण त्या क्षणी साक्षीचा दावा होतो आणि मग समोरच्याला पुरावा मागण्याचा पूर्ण हक्क मिळतो.

एका ठिकाणी मात्र मी कोणतीही सूट देत नाही. प्रार्थनेने आजार बरा होतो, गोळ्या बंद करा, असे कोणी सांगत असेल तर ती साक्ष नव्हे, तो जिवाशी खेळ आहे, आणि त्याला विरोध करायला गणिताच्या सरांच्या आधी मी उभे राहिले पाहिजे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे, आणि तो कायदा सर्व धर्मांच्या लोकांना सारखाच आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी आणि त्याला दवाखान्यातही न्यावे. ज्याच्या नावाचे शुभवर्तमान बायबलमध्ये आहे तो लूक वैद्य होता असे पौलाच्याच पत्रात लिहिले आहे.

यानंतरची सवय अवघड आहे, पण तिच्यावाचून वाद पुढे सरकत नाही. उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे आणि ‘बरोबर सांगितले का?’ असे विचारावे. त्याने होकार दिल्यावरच आपले बोलावे. एका रविवारी सरांनी माझ्यासमोर पवित्र शास्त्राची दोन पाने उघडून ठेवली. एका पानावर मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय होता, ज्यात येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत स्वतःला गळफास लावून घेतो; दुसऱ्यावर प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय होता, ज्यात तो खाली पडतो आणि त्याचे पोट फुटते. मी सवयीने सांगितले की आधी त्याने फास घेतला असेल आणि मग दोर तुटून तो पडला असेल. सरांनी दोन्ही पानांवरून बोट फिरवले आणि शांतपणे विचारले, ‘सर, हा दोर तुटलेला तुम्हाला येथे सापडला, की तुम्ही तो येथे ठेवला?’ मी पुन्हा दोन्ही ठिकाणे वाचली आणि म्हणालो, ‘मी ठेवला.’ माझा विश्वास त्या दिवशी कमी झाला नाही, पण सरांचा माझ्यावरचा विश्वास वाढला, हे मला पुढील अनेक वर्षे जाणवत राहिले.

त्यांनीही हिशेब चुकता केला. बायबलमध्ये कोणती पुस्तके घ्यायची हे 325 मध्ये निकियाच्या परिषदेत मतदानाने ठरले, असे ते अनेकदा म्हणत. मी त्यांना एवढेच सांगितले की ती परिषद मुख्यतः एरियस या धर्मगुरूच्या मतावर, म्हणजे पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा आहे की निर्माण केलेला आहे या प्रश्नावर भरली होती. पुस्तकांच्या यादीचा निर्णय तेथे झाला नव्हता. पुढच्या आठवड्यात ते वाचून आले आणि चहा येण्यापूर्वीच ‘ते माझे चुकले’ म्हणाले. चिकित्सकाने पुरावा मागताना स्वतःचे ऐकीव दावेही त्याच तराजूत घातले पाहिजेत, आणि हे सरांइतक्या प्रामाणिकपणे करणारी माणसे मी फार पाहिली नाहीत.

दुःखाचा प्रश्न सर्वांत जपून हाताळावा, कारण तेथे मी मोठी चूक केली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र उलटून लोक नुकतेच झोपले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीची जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. सरांची धाकटी बहीण आणि तिची दोन मुले त्यांत होती. पंधरा दिवसांनी ते शाळेत आले, तेव्हा शिक्षक खोलीत आम्ही दोघेच होतो. ते म्हणाले, ‘तुमचा देव त्या रात्री कुठे होता, सर?’ मी म्हणालो, ‘देवाची काही योजना असते, आपल्याला ती दिसत नाही.’ त्यांनी हातातला कप खिडकीत ठेवला, वह्या उचलल्या आणि ते वर्गावर गेले. त्यानंतर आठ महिने ते माझ्याशी कामापुरतेच बोलले.

मी त्या आठ महिन्यांत लूकचा तेरावा अध्याय पुन्हा वाचला. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमात राहणाऱ्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय, असे येशू विचारतो, आणि ‘नाही’ असे स्वतःच उत्तर देतो. कोसळलेल्या दगडांचे कारण तो मेलेल्यांच्या माथी मारत नाही आणि देवाच्या योजनेचा नकाशाही काढून दाखवत नाही. जे येशूने सांगितले नाही ते मी सरांना सांगायला गेलो होतो. मी त्यांच्या घरी जाऊन हे कबूल केले, तेव्हा त्यांच्या आईने आम्हा दोघांना ज्वारीची भाकरी वाढली आणि आमचा वाद पुन्हा सुरू झाला.

म्हणून दुःखाचा प्रश्न आला की प्रथम हे ओळखावे की विचारणारा तर्काचा प्रश्न विचारतो आहे की शोक करतो आहे. देव सर्वशक्तिमान आणि चांगला असेल तर निरपराधांचे दुःख का, हा तर्काचा प्रश्न प्राचीन आणि खरोखर कठीण आहे. त्यावर स्वतंत्र इच्छेचे, म्हणजे माणूस स्वतःच्या निवडीने वाईट करतो असे, उत्तर दिले जाते, पण भूकंपाला ते नीट लागू पडत नाही हे विश्वासी माणसाने मान्य करावे. शोक करणाऱ्याला मात्र कोणतेही उत्तर देऊ नये. चिकित्सकानेही हे पथ्य पाळावे, कारण ख्रिस्ती घरात मूल दगावले असताना ‘आता कुठे गेली तुमची प्रार्थना?’ असे म्हणणारी माणसेही मी पाहिली आहेत.

मराठवाड्यात या वादाला इतिहासाचे ओझेही आहे आणि ते ठाऊक नसले तर माणसे एकमेकांना नकळत जखमी करतात. ‘तुमचे आजोबा पोटासाठी बाटले’ हे वाक्य आमच्या पिढीने शाळेपासून ऐकले. दुष्काळात मिशनकडून धान्य मिळाले हे खरे आहे. पण ज्यांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरता येत नव्हते त्यांना कोणीतरी नावाने हाक मारली आणि अक्षर शिकवले, हेही खरे आहे. पूर्वजांच्या हेतूवर बोलणे टाळावे आणि समोरचा माणूस आज काय मानतो यावर बोलावे. विश्वासी माणसाने दुसऱ्या बाजूचे भयही समजून घ्यावे. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री यांनी 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. त्याला न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले, आणि त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी प्रयत्न केला तेव्हा सनातन्यांनी त्यांनाही विरोध केला. आपला मुलगा हातचा जाईल, ही भीती आजही अनेक घरांत जिवंत आहे आणि ‘तुमचा देव कोण?’ या साध्या प्रश्नामागेही ती उभी असते. आपल्या भागातील अनेक चिकित्सक बौद्ध आहेत. त्यांच्याशी बोलताना त्यांना ‘तारण न झालेले’ म्हणून मोजणे म्हणजे 1956 च्या धम्मदीक्षेने मिळवलेला स्वाभिमान पुन्हा काढून घेण्यासारखे आहे, हे आमच्या काही प्रचारकांनी मनावर घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पैठणच्या एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद रचला आहे. त्यात दोघे एकमेकांच्या ग्रंथांतील अडचणीच्या गोष्टी तोंडावर काढतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. महात्मा फुले त्याच्याही पुढे गेले आणि त्यांनी एकाच घरात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी होऊन प्रेमाने नांदतील असे कुटुंब कल्पिले. अशा घरात वाद होणारच, आणि जेवणाची वेळ झाली की तो थांबवावाही लागणार. आम्हीही तसेच करतो. ज्या प्रश्नावर दोघेही अडलो तो वहीत तारखेसह लिहितो आणि त्या दिवसापुरते त्यावर बोलणे बंद करतो, म्हणजे शेवटचा शब्द कोणाचा यासाठी ओढाताण होत नाही. सध्या वहीत मार्कच्या सोळाव्या अध्यायाचा प्रश्न आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो अध्याय आठव्या ओवीवर, कबरेपासून पळालेल्या स्त्रियांच्या भीतीवर संपतो आणि पुढच्या बारा ओव्या त्यांत नाहीत. मार्कने तेथेच लेखणी ठेवली असेल तर का, यावर सरांचे एक मत आहे आणि माझे दुसरे.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या स्मृतिदिनी, 20 ऑगस्टला, सर मला त्यांच्या कार्यक्रमाला बोलावतात आणि मी तिसऱ्या रांगेत बसून सर्व भाषणे ऐकतो. 25 डिसेंबरला मी त्यांना उपासनेला बोलावत नाही, जेवायला बोलावतो. ते अकराच्या सुमारास, म्हणजे आम्ही चर्चमधून परतल्यावर येतात, माझ्या पत्नीला ‘वहिनी, करंज्या यंदा लवकर आणा’ म्हणतात आणि पिशवीतून वही काढतात.