टॉवरवर चढण्याआधी: आरएफ (अँटेनातून निघणाऱ्या रेडिओ लहरी) आणि पुरुषाचे प्रजननारोग्य

चतुर्थी आटोपली की पावसाने अडलेली मोबाइल टॉवरची कामे एकदम अंगावर येतात. घाईत पहिली काट बसते ती अँटेना बंद करण्यालाच.

म्हापसा-मडगावच्या गच्च्यांवर एकाच खांबाला दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असू शकतात. आपला सेक्टर (एका दिशेचा अँटेना-संच) बंद झाला म्हणून शेजारचा बंद होत नाही; घात इथेच होतो. चढण्याआधी प्रत्येक अँटेना कोणाचा ते शोधा, प्रत्येकाच्या नियंत्रण कक्षाकडून लेखी होकार घ्या, मग रेडिओ युनिटचा ब्रेकर पाडून कुलूप आणि टॅग लावा. फोनवरच्या ‘बंद केलंय’वर विसंबू नका, दुरून बंद केलेला सेक्टर दुरूनच चालूही होतो. एखादा बंद होणारच नसेल तर त्याच्या समोरून जाऊ नका. पॅनेलचा (सपाट अँटेनाचा) मारा मुख्यतः पुढे असतो, म्हणून मागच्या बाजूने जा आणि साइटच्या आराखड्यातले मनाई क्षेत्र पाळा.

आरएफ मॉनिटर, म्हणजे लहरींची तीव्रता मोजणारे छोटे यंत्र, कपड्यांवर, छातीपाशी लावा. पाठीमागून येणारी लहर शरीरच अडवते, म्हणून थांबून सावकाश वळून बघा. पॅनेल कमरेच्या उंचीला असेल तर छातीवरचा आकडा कमी दिसू शकतो, मॉनिटर खाली धरून पुन्हा पाहा. आयसीएनआयआरपी या किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या 2020 च्या शिफारशीनुसार 900 मेगाहर्ट्झला कामगारांसाठी मर्यादा दर चौरस मीटर 22.5 वॅट, 30 मिनिटांची सरासरी. मॉनिटरवर मर्यादेच्या 50 टक्क्यांचा गजर वाजला की मागे सरा, शंभराची वाट बघू नका.

वृषण शरीरापेक्षा 2 ते 4 अंश थंड असावे लागतात. तीव्र आरएफ ऊती तापवते, धोका तिथून. मर्यादेखालच्या परिणामांबाबत पुरावा पक्का नाही: 2008 च्या नॉर्वेच्या नौदल अभ्यासात उच्च वारंवारतेच्या अँटेनांजवळ काम करणाऱ्यांत वंध्यत्वाच्या तक्रारी जास्त दिसल्या, पण संपर्क किती होता ते त्यांनी स्वतःच सांगितले होते. हार्नेसच्या मांडीपट्ट्या आणि दमट उकाडाही ऊब वाढवतात. सावलीत उतरलात की पट्ट्या सैल करा. वॉकी-टॉकी कमरेला न अडकवता छातीच्या पट्ट्यावर लावा.

मूल होत नसेल तर वीर्यतपासणी गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा चांगल्या प्रयोगशाळेत करा. आधी 2 ते 7 दिवस लैंगिक संयम, नमुना तासाभरात तपासला गेला पाहिजे. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, त्यामुळे अपघाती संपर्कानंतर दुसऱ्याच दिवशीचा चांगला अहवाल फारसे काही सांगत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, आणि डॉक्टरला तंबाखू, ताप, गालगुंड, आधीची शस्त्रक्रिया हेही सांगा.